नाव घराण्याचे, चेहरा राजाचा
पार्थियन चांदीच्या नाण्यांवरील राजप्रतिमांचे एक वाचन

साधारण वीस मिलिमीटर व्यासाचे आणि चार ग्रॅमच्या आसपास वजनाचे चांदीचे एक नाणे आपल्यासमोर आहे असे समजू. एका बाजूला डावीकडे पाहणारा दाढीवाला पुरुष आहे. कपाळाभोवती बांधलेल्या पट्टीची टोके त्याच्या मानेमागे सुटलेली आहेत. दुसऱ्या बाजूला बसलेला एक माणूस दिसतो. अंगात लांब बाह्यांचा डगला, पायांत विजार, डोक्यावर मऊ कापडाची टोपी, आणि पुढे धरलेल्या हातात धनुष्य. त्याच्या चारी बाजूंना ग्रीक अक्षरांच्या ओळी चौकटीसारख्या मांडल्या आहेत. हे नाणे कोणाचे, असे विचारले तर त्या ओळी उत्तर देतात : राजाधिराज अर्शकाचे.

उत्तर खरे आहे, पण त्याने आपले काम भागत नाही. इ.स.पू. २४७ च्या सुमारास पार्थियात उदयाला आलेले आणि इ.स. २२४ मध्ये संपलेले हे घराणे. सुमारे पावणेपाचशे वर्षांच्या या काळात जवळजवळ प्रत्येक राजा नाण्यावर स्वतःला अर्शकच म्हणवतो. पश्चिमेकडच्या पुस्तकांत ज्याला आर्सेसीस म्हणतात तो हा अर्शक, म्हणजे घराण्याचा मूळ पुरुष. त्याच्यामागून आलेले मिथ्रदात, फ्रहात, ओरोद, अर्तबान, वलखश हे सगळे नाण्यावर येताना आपले नाव दाराबाहेर ठेवून येतात.

पार्थियनांनी स्वतःविषयी लिहिलेला इतिहास आपल्यापर्यंत पोचलेला नाही. त्यांची कथा सांगतात ते स्ट्रॅबो, प्लूटार्क, जोसिफस, टॅसिटस असे ग्रीक-रोमन जगातले लेखक. त्यांतले बरेच रोमच्या बाजूने बोलणारे होते, आणि रोमसाठी पार्थिया हा पूर्वेकडचा शत्रू होता. नंतर आलेल्या सासानी घराण्याला आपल्या आधीच्यांची आठवण ठेवण्यात रस नव्हता. दहाव्या-अकराव्या शतकात फिरदौसीने ‘शाहनामा’ रचला तेव्हा या घराण्यासाठी त्याच्याकडे मोजक्याच ओळी होत्या. त्यांची नावे तेवढी ऐकली, असे तो मोकळेपणाने सांगतो. अशा स्थितीत पार्थियन राजांचे स्वतःचे म्हणणे सलगपणे ऐकू येते ते नाण्यांतून. सोन्याची नाणी त्यांनी नियमितपणे पाडली नाहीत. त्यांचे मुख्य बोलणे चांदीतले, आणि किरकोळ व्यवहारापुरते तांब्या-कांशातले.

म्हणून ही नाणी कशी वाचायची हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. जुन्या सूचिकारांनी आणि कलेच्या इतिहासकारांनी ती एका ठरावीक पद्धतीने वाचली. आरंभी सुबक ग्रीक घडण, मग हळूहळू ढासळत जाणारा हात, शेवटी वाचता न येणारी अक्षरे आणि काटक्यांचा बनवलेला धनुर्धर, असा तो उतरता आलेख आहे. हे वाचन नाण्यांच्या अर्ध्याच भागाकडे पाहते, असे मला वाटते. उरलेला अर्धा भाग पाहिला की वेगळी गोष्ट दिसू लागते.

बसलेला धनुर्धर

सुरुवात मागच्या बाजूपासून करू, कारण या नाण्यांचा खरा कणा तोच आहे. पहिल्या अर्शकाच्या द्राक्मांवर दर्शनी बाजूला दाढी नसलेला चेहरा आहे. त्याच्या डोक्यावर कान आणि मान झाकणारी मऊ टोपी आहे, जशी हखामनी साम्राज्याचे सुभेदार घालत. मागे तीच टोपी घातलेला माणूस बिनपाठीच्या आसनावर बसून धनुष्य धरतो. लेख ग्रीक आहे. अर्शकाच्या नावापुढे ‘ऑटोक्रॅटर’, म्हणजे सर्वाधिकारी सेनापती, अशी पदवी येते. काही नाण्यांवर आरामाईक लिपीतही सेनापतीच्या अर्थाचा शब्द आहे. ‘राजा’ ही पदवी अजून आलेली नाही.

हा धनुर्धर कुठून आला? सिकंदराच्या मागे इराणवर राज्य करणाऱ्या सेल्यूकसवंशी राजांच्या नाण्यांवर अपोलो देव बसलेला असतो. हातात बाण, जवळ धनुष्य, आणि बसायला डेल्फीच्या देवळातला तो घुमटाकार दगड, ज्याला ग्रीक लोक पृथ्वीची नाभी मानीत. पार्थियन धनुर्धराची बैठक या अपोलोशी इतकी जुळते की उसनवारी नाकारता येत नाही. पण दुसरे मूळही दाखवता येते. इ.स.पू. चौथ्या शतकात किलिकियातल्या टार्सस इथे हखामनी सुभेदाराने पाडलेल्या नाण्यांवर इराणी पोशाखातला एक पुरुष बसून बाण निरखतो आहे, आणि त्याच्यापुढे धनुष्य आहे. ती प्रतिमा अपोलोच्या त्या नाण्यांहून जुनी.

अभ्यासकांत यावर दोन पक्ष आहेत. मला त्यांतला एकच निवडण्याची गरज वाटत नाही. सेल्यूकसवंशी नाण्यांची सवय झालेल्या व्यापाऱ्याच्या हातात हे नाणे पडले तर त्याला ओळखीची बैठक दिसत असणार, आणि पठारावरच्या घोडेस्वाराला ओळखीचा पोशाख. अपोलो नग्न असतो. हा माणूस मात्र गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकलेला आहे. ग्रीक कलेत देवाचे आणि वीराचे शरीर उघडे असणे हा गौरव आहे, तर इराणी परंपरेत पोशाख हाच दर्जा. धनुर्धराला विजार आणि डगला चढवणाऱ्याला हा फरक नेमका कळलेला होता.

पुढे त्याचे आसन बदलत गेले, तेही सहज घडलेले नाही. पहिल्या मिथ्रदाताच्या काळात आसनाच्या जागी अपोलोची नाभी आली. राज्य पश्चिमेकडे सरकत होते, ग्रीक वस्तीची शहरे हाती येत होती, तो हा काळ. दुसऱ्या मिथ्रदाताच्या राजवटीत नाभी गेली आणि धनुर्धर राजाच्या आसनावर बसला. हाच राजा स्वतःला ‘राजाधिराज’ म्हणवू लागला. ही पदवी हखामनी सम्राटांची होती. बेहिस्तूनच्या ज्या कड्यावर दारयवहूचा प्रसिद्ध लेख आहे, त्याच कड्याच्या पायथ्याशी या मिथ्रदाताने आपले शिल्प कोरवून घेतले. पुढच्या काळातल्या एका लेखासाठी त्याचा मोठा भाग तोडला गेला. नाण्यावरचे आसन आणि कड्यावरची जागा या दोन्ही गोष्टी एकच सांगतात : आमचा वारसा आता सेल्यूकसाकडून नाही, त्याच्याही आधीच्यांकडून.

दोन वाचक, दोन भाषा

इ.स.पू. १४१ मध्ये पहिल्या मिथ्रदाताने बाबिलोनिया घेतला. टायग्रिसकाठचे सेल्यूकिया हे मोठे ग्रीक शहर त्याच्या ताब्यात आले. तिथल्या टांकसाळीत त्याच्या नावाने चार द्राक्मांचे मोठे नाणे पडू लागले. त्यावरची दर्शनी बाजूची मूर्ती ग्रीक शिल्पातली शोभावी अशी आहे : भरदार दाढी, लाटांसारखे केस, उजवीकडे वळलेला चेहरा. मागे हेराक्लीस हातात पेला आणि गदा घेऊन उभा. लेखात थोर राजा अर्शकाच्या नावापुढे एक नवे विशेषण आहे : ‘फिल्हेलीन’, ग्रीकांचा मित्र.

या विशेषणाचा अर्थ भोळेपणाने लावू नये. जिंकलेल्या शहराला नवा राजा सांगतो आहे की तुमचे रीतिरिवाज, तुमची नगरसभा, तुमचे देव यांना हात लागणार नाही. ते एक आश्वासन आहे आणि ते कोणाला दिले हे ठाऊक असले तरच त्याचा अर्थ लागतो. दरबारात ग्रीकाची जाण होती हे खरे. इ.स.पू. ५३ मध्ये कॅऱ्हीच्या लढाईत क्रॅससचा पराभव झाला. त्याचे शिर दुसऱ्या ओरोदाकडे आणले तेव्हा युरिपिडीसच्या नाटकातले प्रवेश चालू होते, असे प्लूटार्क सांगतो. तरीही ‘ग्रीकांचा मित्र’ ही काही राजाच्या आवडीनिवडीची नोंद नव्हती. तो राज्यकारभार होता. इ.स.च्या पहिल्या शतकात याच सेल्यूकियाने दुसऱ्या अर्तबानाविरुद्ध बंड केले आणि ते सात वर्षे टिकले, यावरून त्या मैत्रीची दोन्ही बाजूंची मर्यादा कळते.

तेव्हापासून पार्थियन चांदी दोन भाषांत बोलते. मोठे नाणे सेल्यूकियाचे. त्यावर पुढे ग्रीक पंचांगाप्रमाणे वर्ष आणि कित्येकदा महिनाही येतो. राजा सिंहासनावर बसलेला असतो आणि हातात समृद्धीचे शिंग घेतलेली नगराची भाग्यदेवता त्याच्यासमोर उभी राहून त्याला राजपट्ट किंवा विजयाची डहाळी देते. राज्य शहराच्या संमतीने चालते, असे हे चित्र शहरातल्या ग्रीकांना ऐकवते. लहान नाणे, द्राक्म, पठारावरच्या एकबाताना आणि इतर टांकसाळींचे. त्यावर वर्ष नाही, भाग्यदेवता नाही. तिथे धनुर्धर एकटा बसतो आणि त्याला कोणाच्या संमतीची गरज नाही. एकाच राजाची ही दोन नाणी शेजारी ठेवली की साम्राज्य कसे चालत होते हे एखाद्या प्रकरणाइतके स्पष्ट दिसते. इतिहासकार ज्याला सैल, विस्कळीत राज्य म्हणतात, त्याला आपल्या प्रजेतले फरक चांगले ठाऊक होते.

एक नाव, अनेक चेहरे

सर्व राजांना अर्शक म्हणण्याची रीत बाहेरच्यांच्याही लक्षात आली होती. स्ट्रॅबो तिची नोंद करतो. बाबिलोनच्या कीलाक्षरी पाट्यांवरही राजा बहुधा अर्शक याच नावाने येतो. चिनी लोक या देशाला ‘आन्शी’ म्हणत, आणि तो अर्शक या नावाचाच चिनी उच्चार मानला जातो. म्हणजे घराण्याचे नाव देशाचे नाव झाले होते.

त्याच चिनी नोंदीत एक निरीक्षण आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकात पश्चिमेकडे गेलेल्या झांग छिआन या दूताने आणलेली माहिती सिमा छिआनने आपल्या इतिहासग्रंथात घेतली. आन्शी देशात चांदीची नाणी चालतात, त्यांवर राजाचा चेहरा असतो, राजा मेला की नाणे बदलते आणि नव्या राजाचा चेहरा येतो, असे त्यात म्हटले आहे. चीनमध्ये तेव्हा भोकाची तांब्याची नाणी चालत आणि त्यांवर चेहरा नसे. म्हणून ही गोष्ट त्यांना नोंदवावीशी वाटली. आपल्याला ती महत्त्वाची वाटते ती दुसऱ्या कारणाने. जिथे नाव कधी बदलत नाही, तिथे चेहरा मात्र प्रत्येक वेळी बदलतो.

पार्थियन राजप्रतिमेचा गाभा या ताणात आहे. अधिकार अर्शकाचा, म्हणून नाव त्याचे. धनुर्धर हाही बहुधा तोच मूळ पुरुष, निदान त्याच्या जागी असलेला कोणी पूर्वज. पण आज राज्य करतो तो अमुक एक माणूस, आणि त्याचे वेगळेपण चेहऱ्याने दाखवायचे. ते किती बारकाईने दाखवले जाई याचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे कपाळावरची चामखीळ. दुसऱ्या ओरोदाच्या आणि त्याचा मुलगा चौथ्या फ्रहाताच्या नाण्यांवर ती स्पष्ट दिसते. वैद्यकाच्या अभ्यासकांनी तिच्यात आनुवंशिक त्वचाविकार पाहिला आहे. निदान बरोबर असो वा नसो, ठसा कोरणाऱ्याने ती झाकली नाही आणि राजाने झाकायला सांगितली नाही. ग्रीक राजप्रतिमेत राजाला देवासारखा नितळ करण्याकडे कल असतो. इथे बापाची खूण मुलाच्या कपाळावर आहे आणि ती नाण्यावर आणण्यासारखी गोष्ट मानली गेली. घराण्याचा दावा रक्तावर उभा असेल तर चामखीळसुद्धा पुरावा ठरते.

वेगळेपणाची दुसरी खूण डोक्यावर. दुसऱ्या मिथ्रदाताने आपल्या राजवटीच्या उत्तरकाळात कपाळपट्टीऐवजी मोत्यांच्या रांगांनी मढवलेली, मध्ये तारा असलेली उंच टोपी घालून चित्र काढून घेतले. पुढच्या काही राजांच्या टोप्यांच्या कडेने हरणांची रांग येते. टोपीची शिंगे, तारे, कडा यांवरून आज नाणी ओळखली जातात.

आणि तरीही ओळख पटतेच असे नाही. दुसऱ्या मिथ्रदाताच्या मृत्यूनंतरच्या तीन-चार दशकांना अभ्यासक पार्थियाचे अंधारयुग म्हणतात. नाणी भरपूर आहेत, चेहरे वेगवेगळे आहेत आणि सगळे अर्शक आहेत. वॉर्विक रॉथने १९०३ मध्ये ब्रिटिश म्युझियमची सूची केली. डेव्हिड सेलवूडने १९७१ मध्ये आणि सुधारून १९८० मध्ये प्रकारांचे क्रमांक लावले. आजही लोक सेलवूडचे क्रमांक वापरतात, पण क्रमांकासमोरचे राजाचे नाव वरचेवर बदलते. चेहरा समोर आहे आणि नाव सापडत नाही, ही आपली अडचण आहे. त्या काळच्या माणसाला ती नव्हती, कारण राजा कोण हे त्याला नाण्यावरून शिकायचे नव्हते. राज्य अजून त्याच घराण्याचे आहे ना, एवढे त्याला नाण्याने सांगायचे होते.

धनुर्धर उठतो तेव्हा

नियमाचे वजन तो मोडला गेला तिथे कळते.

इ.स.पू. २० मध्ये चौथ्या फ्रहाताने क्रॅससच्या पराभवापासून पार्थियात असलेली रोमन सैन्याची निशाणे ऑगस्टसला परत केली. रोममध्ये याचा मोठा गाजावाजा झाला. रोमन दिनारांवर गुडघे टेकून निशाण पुढे करणारा, विजार घातलेला पार्थियन आला. लढाई झाली नव्हती, तह झाला होता. पण दिनार पाहणाऱ्याला शरणागतीच दिसावी अशी योजना होती. हे गुडघे टेकलेले चित्र पाठ्यपुस्तकांत आजही छापले जाते, आणि पार्थियन म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर तेच येते. फ्रहाताच्या स्वतःच्या नाण्यांवर या घटनेची सावलीही नाही. तिथे राजा बसलेला आहे आणि भाग्यदेवता त्याच्यापुढे उभी आहे. दोन्ही नाणी आपापल्या राजाची वकिली करतात. फरक इतकाच की एका बाजूची वकिली आपण इतिहास म्हणून वाचत आलो.

याच व्यवहारांच्या काळात रोमकडून फ्रहाताला एक इटालियन दासी भेट आली. तिचे नाव म्यूसा. जोसिफसच्या कथेनुसार तिने राजाला आपल्याकडे वळवले, त्याचे इतर मुलगे रोमला पाठवायला लावले, पुढे राजाला मारून आपल्या मुलाला गादीवर बसवले आणि त्याच्याशी लग्नही केले. कथा शत्रुत्वाने भरलेली आहे, तिच्यातले किती खरे ते तोलूनच घ्यावे. पण नाणे जे सांगते त्यात संशयाला जागा नाही. फ्रहातक या तिच्या मुलाच्या द्राक्मांवर दर्शनी बाजूला त्याचा चेहरा आणि त्याला मुकुट घालणाऱ्या विजयदेवता आहेत. मागे धनुर्धर नाही. तिथे म्यूसाचा चेहरा आहे, उंच मुकुटासह, आणि लेख म्हणतो : स्वर्गीय देवी म्यूसा, राणी. या घराण्याच्या नाण्यांवर स्वतःच्या नावानिशी आलेली ही एकमेव स्त्री. अर्शक नसलेले नाव, तेही परक्या स्त्रीचे, मूळ पुरुषाच्या जागेवर! इ.स. ४ च्या सुमारास मायलेकांची सत्ता संपली.

काही वर्षांनी रोममध्ये वाढलेला फ्रहाताचा मुलगा वोनोन गादीवर आला. टॅसिटस सांगतो की त्याला शिकारीची आवड नव्हती, घोड्यांची नव्हती, तो पालखीतून फिरे आणि ग्रीकांच्या घोळक्यात राही, म्हणून पार्थियन सरदार त्याला हसत. त्याच्या द्राक्मावर ‘राजा वोनोन’ असे स्वतःचे नाव आहे. मागे धनुर्धराऐवजी विजयदेवता आहे, आणि लेखात अर्तबानाला हरवल्याचे सांगितले आहे. थोड्याच काळात अर्तबानाने त्याला हाकलले आणि द्राक्मावर धनुर्धर परत येऊन बसला.

धनुर्धराला उठवले म्हणून राज्य गेले, असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. राज्ये सरदारांच्या पाठिंब्याने टिकतात आणि तो गेला की जातात. पण या दोन्ही प्रसंगांत दिसणारी गोष्ट खरी आहे. ज्याचा घराण्यातला आधार कच्चा होता, त्याला नाण्यावर स्वतःविषयी बोलावे लागले. ज्याचा आधार पक्का होता तो गप्प राहून अर्शक म्हणवू शकत होता. तोचतोचपणा हा इथे कल्पनेचा अभाव नव्हता. ती सत्तेची भाषा होती.

ऱ्हास कशाचा?

आता त्या उतरत्या आलेखाकडे येऊ. इ.स.च्या दुसऱ्या शतकातला द्राक्म हातात घेतला तर आरोप खरा वाटतो. राजाचे केस आणि दाढी समांतर रेघांत बसवलेली. धनुर्धर म्हणजे चार-सहा काड्या, धनुष्य तेवढे ओळखू येते. भोवतीची ग्रीक अक्षरे तर अक्षरेच राहिलेली नाहीत. ‘राजाधिराज, अर्शक, उपकारकर्ता, न्यायी, प्रकट झालेला, ग्रीकांचा मित्र’ ही जुनी बिरुदावली आता आडव्या-उभ्या फटकाऱ्यांत उरली आहे. कारागीर आपल्याला न कळणारा नमुना गिरवतो आहे हे उघड आहे.

पण याच नाण्यावर, धनुर्धराच्या डोक्यावरच्या ओळीत, वेगळी लिपी आहे आणि ती नीट वाचता येते. पहिल्या वलखशाच्या द्राक्मांवर चेहऱ्यामागे त्याच्या नावाची आद्याक्षरे आली, आरामाईकातून घडलेल्या पार्थियन लिपीत. सुमारे इ.स. १३० नंतरच्या चौथ्या मिथ्रदाताच्या द्राक्मांवर पूर्ण ओळ येते : मिथ्रदात राजा. ‘राजा’साठी आरामाईक ‘मलका’ लिहिलेले आहे, वाचणारा मात्र तो आपल्या भाषेत ‘शाह’ असा वाचत असे. म्हणजे ज्या हाताने ग्रीक अक्षरांचे फटकारे केले, त्याच हाताने त्याच ठशावर स्वतःची लिपी स्वच्छ कोरली. ज्याला लिहिता येत नाही असा हा हात नव्हे. त्याला ग्रीक लिहिण्याचे आता कारण उरले नव्हते.

दुसरा पुरावा सेल्यूकियाचा. त्याच काळातल्या मोठ्या नाण्यांवर, जिथे ग्रीक वाचणारे लोक होते, लेख आणि वर्ष पुष्कळ काळ वाचता येत राहतात. १९८४ मध्ये सेल्यूकियात हेराक्लीसची एक कांस्यमूर्ती सापडली. चौथ्या वलखशाने इ.स. १५१ च्या सुमारास मेसेनवर मिळवलेल्या विजयाची हकीकत तिच्या मांड्यांवर कोरलेली आहे. एका मांडीवर ग्रीकात, दुसरीवर पार्थियनमध्ये. ग्रीकात देवाचे नाव हेराक्लीस, पार्थियनमध्ये वेरेथ्रग्न. पहिल्या मिथ्रदाताने तीन शतकांपूर्वी त्याच शहरासाठी नाण्यावर उभा केलेला देव इथे दोन नावांनी भेटतो. ग्रीक कुठे हवे आणि कुठे नको हे राज्याला शेवटपर्यंत कळत होते.

मग पठारावरच्या द्राक्मांवर ते फटकारे तरी कशाला ठेवले? कारण नाणे आधी नाण्यासारखे दिसावे लागते. तीनशे वर्षे ज्या चौकटीत धनुर्धर बसलेला लोकांनी पाहिला, ती चौकट काढली तर चांदीवरचा विश्वास ढळतो. अक्षरांचा अर्थ गेला, त्यांचे काम राहिले. आणि याच काळात आणखी एक उलटापालट झाली. तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. आरंभीच्या द्राक्मावर नाव घराण्याचे होते आणि चेहरा एका माणसाचा. उत्तरकाळच्या द्राक्मावर चेहरा ठोकळेबाज झाला, जणू कोणाही अर्शकाचा, आणि नाव मात्र एका माणसाचे आले. एका हातातले दुसऱ्या हातात गेले, तोल तोच राहिला. याला केवळ ऱ्हास म्हणणाऱ्याने चेहऱ्यातले उणे मोजले, नावातली बेरीज पाहिली नाही.

ऱ्हास मुळीच नव्हता असे मात्र म्हणू नये. मोठ्या नाण्यांतली चांदी उत्तरकाळात बरीच घटली, आणि त्यामागे युद्धांचा खर्च आणि गादीसाठीची भांडणे होती. रोमन सैन्य दुसऱ्या शतकात एकाहून अधिक वेळा सेल्यूकियापर्यंत येऊन गेले. द्राक्माची चांदी त्या मानाने टिकली. म्हणजे जिथे खरी झीज आहे तिथे ती धातूत मोजता येते. ती रेघांच्या सुबकतेवरून मोजू नये. सुबकता ही मोजपट्टी ग्रीक शिल्पाची. तिने मोजले तर ग्रीक नसलेले सगळेच कमी भरते.

पुढचे हात

इ.स. २२४ मध्ये अर्दशीरने शेवटच्या अर्तबानाला हरवले आणि सासानी राज्य सुरू झाले. त्याने धनुर्धर काढून अग्निवेदी आणली, ग्रीक सोडून मध्य-इराणी लेख आणला. पण सुरुवातीच्या नाण्यांवर त्याने डोक्यावर चढवली ती दुसऱ्या मिथ्रदाताच्या उंच टोपीसारखीच टोपी, आणि द्राक्माचे वजनही जवळपास तेच ठेवले. आठवण पुसायची होती, पण विश्वास हवा होता.

या नाण्यांची एक शाखा आपल्यापर्यंत येते. इंडो-पार्थियन गोंडोफरसाने सिस्तानात पार्थियन धाटणीचे द्राक्म पाडले आणि पंजाबात खरोष्ठी लेखांची नाणी. संस्कृत-प्राकृतात पार्थियन ‘पल्हव’ झाले. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, जी प्रशस्ती कोरवली तिच्यात शक आणि यवन यांच्यासोबत पल्हवांचाही संहार केल्याचा अभिमान आहे. त्याच नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला आहे. पुढे सातवाहनांनीही राजाचा चेहरा असलेली चांदीची नाणी पाडली. ज्याला हरवले त्याच्याच पद्धतीने बोलायला शिकणे, हे सेल्यूकियात मिथ्रदाताने केले आणि इथे सातवाहनांनी.

सासानी द्राक्मांच्या नकलांची नक्कल होत होत जी गधैया नाणी निघाली, ती गुजरात, राजस्थान, माळव्यात आणि महाराष्ट्रातही चालली. त्यांवरचा राजा आणि अग्निवेदी टिंबे आणि रेघा होऊन उरली. ‘द्राक्म’ हा शब्द ‘द्रम्म’ होऊन कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत आला, आणि ‘दाम’ होऊन आपल्या तोंडी बसला. दाम मोजताना आपण कोणत्या राजाचा चेहरा मोजतो हे विचारत नाही. पठारावरचा पार्थियन माणूसही बहुधा विचारत नसे. धनुष्य दिसले की त्याला पुरे होत असे.

आपल्याला तेवढ्याने पुरत नाही, कारण आपल्या हाती त्यांचे दुसरे बोलणे फार थोडे आहे. म्हणून निदान जे आहे ते त्यांच्या बाजूने एकदा वाचायला हवे. गुडघे टेकलेला माणूस रोमच्या टांकसाळीने घडवला. पार्थियनांनी स्वतःचा माणूस घडवला तेव्हा तो बसलेला घडवला, अंगभर कपड्यांत, हाती धनुष्य घेतलेला. चार शतके, मोजके अपवाद सोडले तर, त्यांनी त्याला उठू दिले नाही.